गुंडीचे पाय झोपले तेव्हा

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. पण त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मालकापासून गाड्या पुसणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणत, त्यामुळे शिकायला येणारेही दुसऱ्या दिवसापासून तेच म्हणू लागत. बारीक अंगकाठी, दाढी कधी पूर्ण वाढलेली नाही आणि कधी पूर्ण केलेलीही नाही, बोलणं सावकाश. त्यांचा आवाज चढलेला मी एकदाही ऐकला नाही.

मी पन्नाशी उलटल्यावर त्यांच्याकडे शिकायला गेले. आमच्या ह्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं आणि दारात गाडी धूळ खात उभी होती. पहिल्याच दिवशी भर चौकात मी गाडी इतक्या वेळा बंद पाडली, की मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ उठला. मला घाम फुटला. मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वाजवू दे. त्यांनाही कुणीतरी शिकवलंच असेल."

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असायचा. आपण घाबरून भलतंच काही दाबलं, की ते आपल्या पायाने हळूच सावरून घेत आणि आपल्याला पत्ताही लागू देत नसत. दिवसभर असे पाय उचलून बसायचे. "रात्री जेवताना बायको म्हणते, ताटाखाली तरी ब्रेक मारू नका," असं एकदा म्हणाले होते. घरच्यांबद्दल त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. हळूहळू कळलं, की बायको पडद्यांच्या दुकानात शिलाईला जाते, आणि चार वर्षांची एकच मुलगी आहे. तिचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण घरात सगळे तिला गुंडी म्हणत. का, तर हातातून सुटली की सापडत नाही. कपाटाखाली, पलंगाखाली वाकून शोधावी लागते.

माझे धडे निम्म्यावर आले असताना मास्तर एके दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मालकांनी दुसरा शिक्षक दिला, तो सारखा फोनवर. "मास्तरांची मुलगी आजारी आहे," एवढंच कळलं. लहान मुलं आजारी पडतातच, असं मला वाटलं आणि मी पुढे विचारलं नाही. खरं काय झालं ते मला नंतर समजलं, काही मास्तरांकडून, काही त्यांच्या बायकोकडून, आणि थोडं मी स्वतः पाहिलं.

गुंडीला आधी जुलाब झाले होते. बालवाडीतल्या अर्ध्या मुलांना झाले, तसे तिलाही. ती त्यातून उठली, पुन्हा पहिल्यासारखी खाऊ-पिऊ लागली, सगळे विसरूनही गेले. मग एका संध्याकाळी जिना चढताना तिने "पाय दुखतात" म्हणून बैठक मारली. आईने उचलून वर नेलं आणि "झोप आता, सकाळपर्यंत पळतील" असं म्हणून पांघरूण घातलं.

सकाळी मास्तर दाढी करत होते. पलंगावरून आवाज आला, "बाबा, माझे पाय झोपलेत."

"मग उठव की त्यांना."

"हाका मारल्या. उठत नाहीत."

मास्तरांना हसू आलं. बालवाडी चुकवायला ही पोरगी रोज नवं काहीतरी शोधून काढायची. कधी पोटात पक्षी शिरलेला असायचा, कधी दप्तर रुसलेलं असायचं. त्यांनी तिला उचलून जमिनीवर उभं केलं आणि हात काढले. ती खाली कोसळली. आदळली नाही, नुसती घडी पडल्यासारखी खाली बसली. मास्तर म्हणाले, "गुंडी, पुरे आता. उशीर होतोय."

तिने पलंगाची कड धरली आणि उठायला बघू लागली. हसत नव्हती, रडतही नव्हती. ओठ घट्ट मिटून, एखाद्या मोठ्या माणसाने कपाट सरकवावं तसा जोर लावत होती. तोंडाला अर्धा फेस तसाच ठेवून मास्तरांनी बायकोला हाक मारली.

मास्तरांची मोठी बहीण दुसऱ्या गावी असते. गुंडीची ही आत्या, स्वभावाने फटकळ आणि घरातला शेवटचा शब्द तिचा. तिला फोन लावला तर ती म्हणाली, "लाडावून ठेवलंय पोर. पाय चेपून द्या, दुपारपर्यंत घर डोक्यावर घेईल." या वाक्यासाठी तिने पुढे स्वतःला इतकं बोलून घेतलं, की शेवटी मास्तरांनाच तिची समजूत काढावी लागली.

कोपऱ्यावरचे डॉक्टर गुंडीच्या ओळखीचे होते. तपासताना ते नेहमी काहीतरी गंमत करत. त्या दिवशीही त्यांनी छोटी हातोडी काढून "बघू, घंटा वाजते का" म्हणत तिच्या गुडघ्यावर मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग पुन्हा पहिल्या. मग म्हणाले, "माझी बोटं दाब. अजून जोरात." गुंडी म्हणाली, "जोरातच दाबलीत." डॉक्टरांनी हातोडी खिशात ठेवली आणि त्यानंतर त्यांनी एकही गंमत केली नाही.

"गाडी आहे?"

"आहे. स्कूलची."

"मग आत्ताच्या आत्ता मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलला निघा. मी फोन करून ठेवतो. मध्ये घरी जाऊ नका, कपडे घ्यायलासुद्धा नाही."

बायको गुंडीला घेऊन मागे बसली. मास्तरांनी दार उघडलं, बसले, पट्टा लावला आणि समोर बघत राहिले. गाडी हलेना. बायको मागून म्हणाली, "अहो, चालवणार कोण?" तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण सवयीने शिकवणाऱ्याच्या सीटवर येऊन बसलोय.

टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. ती दिसली की लोक एक तर हॉर्न वाजवतात, नाहीतर लांबून वळसा घालून जातात. त्या दिवशी मास्तर आयुष्यात कधी चालवली नव्हती इतक्या वेगाने चालवत होते. एका टेम्पोवाल्याने शेजारी येऊन काच खाली केली आणि ओरडला, "मास्तरला विचारून चालव रे." मास्तर मला हे सांगताना हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, "बरोबरच होतं त्याचं."

हॉस्पिटलमध्ये सुया झाल्या, पाठीतून पाणी काढलं, पायांना तारा लावून कसली तरी तपासणी झाली. मग एक तरुण डॉक्टरबाई त्यांना बाजूला घेऊन बसल्या. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. त्या म्हणाल्या, "जुलाबाच्या जंतूंशी लढायला शरीराने पहारेकरी उभे केले होते. ते जंतू गेले, पण पहारेकरी आता घरच्यांनाच चोर समजून झोडपताहेत. नसांवरचं आवरण सोलवटलं जातंय. मेंदूचा हुकूम निघतो, पायापर्यंत पोचत नाही."

"म्हणजे वायर तुटली?" मास्तरांनी विचारलं.

"वायर आहे. वरचं प्लास्टिक गेलंय. ते पुन्हा चढतं, पण फार सावकाश."

"बरी होईल ना?"

"बहुतेक मुलं होतात. पण आधी अजून बिघडणार. तेव्हा मला येऊन असं म्हणू नका, की बाई, तुम्ही तर बरी होईल म्हणाला होतात. मी आत्ताच सांगून ठेवते."

मास्तर मला नंतर म्हणाले, "पुढे त्या बाईंचा आधार वाटला तो याच वाक्यामुळे. त्यांनी काही लपवलं नाही."

आणि बिघडलंच. औषधाची बाटली थेंब थेंब आत जात होती आणि आजार आपल्या गतीने वर चढत होता. पाय गेले होते, मग हात गेले. मग मान धरवेना. एका दुपारी पाजलेलं दूध नाकातून बाहेर आलं. आवाज बारीक झाला, एका श्वासात दोन शब्दच मावू लागले. डॉक्टरबाईंनी तिला अंक म्हणायला सांगितले. गुंडीला वीसपर्यंत यायचे, ती चारवर थांबली. त्याच दिवशी तिला आयसीयूत नेलं, घशात नळी घातली आणि श्वासाचं काम यंत्राकडे गेलं.

"तिला सगळं कळतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ऐकू येतं, दुखतं, भीती वाटते. फक्त हलता येत नाही. तुम्ही बोलत राहा."

आत एका वेळी एकालाच सोडत. मास्तर आत गेले आणि त्यांना बोलायला सुचेना. दिवसभर अनोळखी माणसांना धीर देणारा हा माणूस स्वतःच्या पोरीसमोर गप्प उभा. गुंडीचा चेहराही लुळा पडला होता, ओळखीचं असं त्यात काही उरलं नव्हतं. फक्त डोळे. पापण्या तेवढ्या मिटता येत होत्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या. नर्सने शिकवलं: एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. मग मास्तर तिला घरापासून बालवाडीपर्यंतच्या रस्त्यावर न्यायला लागले. "आता आपण जिना उतरलो. आता डावीकडे वळलो. तो लंगडा कुत्रा बसलाय का? बसलाय." रस्ता संपला की परत. रस्तेच तर त्यांना येत होते.

एके दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही, यंत्र आपलं संथ चाललेलं आणि दोन्ही बाजूंनी पाण्याची धार. मास्तरांनी विचारलं, "दुखतंय?" हो. "पोट?" नाही. "पाय? हात? सुई टोचतेय? दिवा डोळ्यांवर येतोय? आई हवी?" नाही, नाही, नाही. मग ती नाही म्हणायचीही थांबली आणि नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांनी नर्सला बोलावलं. वयस्कर बाई होत्या, सगळे त्यांना सिस्टर न म्हणता मावशी म्हणत. मावशींनी काही विचारलं नाही. गुंडीच्या डोक्याखाली हात घातला, हलकेच उचललं आणि म्हणाल्या, "कान दुमडलाय हिचा."

उशीखाली कान दुमडला गेला होता. किती वेळ, देव जाणे. लालबुंद झाला होता. मावशींनी तो सरळ केला, जरा चोळला. गुंडीच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं.

मास्तर बाहेर आले आणि जिन्यात जाऊन बसले. तोवर त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. नळी घातली तेव्हा नाही, पाठीत सुई गेली तेव्हा नाही. "पण कानाचं मला सहन झालं नाही," ते म्हणाले. "एवढासा कान. आपण हजार गोष्टी विचारतो आणि तेवढंच विचारायचं राहतं."

त्याच सुमाराला ते पुन्हा कामावर आले. बायकोनेच पाठवलं. "इथे दोघांनी बसून एकच भिंत बघायची तर एकाने तरी जाऊन हातपाय हलवा," ती म्हणाली. तोवर आत्याही वळकटी घेऊन येऊन दाखल झाली होती आणि घर, डबे, फोन, नातेवाईक सगळं तिने अंगावर घेतलं होतं. मास्तर माझ्या शेजारी येऊन बसले तेव्हा मी सहज विचारलं, "मुलगी बरी आहे ना आता?" ते म्हणाले, "मशिनवर आहे." आणि लगेच, "आरसा बघा. निघू या."

आम्ही गोदामांच्या मागच्या रुंद रस्त्याला लागलो. दुपारी तिकडे चिटपाखरू नसतं. दोन वळणं झाली, मास्तर काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, आपलं बरं चाललंय म्हणून गप्प आहेत. तिसऱ्या वळणावर पाहिलं तर त्यांची मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, दोन्ही पाय आपल्या पेडलवरून घसरून बाजूला पडलेले. गाढ झोपले होते.

थांबायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण थांबवायला गेले आणि नेहमीसारखी गचका देऊन बंद पडली तर हा माणूस जागा होईल, असं मनात आलं. म्हणून मी चालवत राहिले. गोदामांना वळसा, मग परत वळसा. इतक्या हळू, की सायकलवाला पुढे निघून जाई. त्या दिवशी गाडी एकदाही बंद पडली नाही.

शेवटी एका ट्रकच्या हॉर्नने ते दचकून उठले आणि त्यांचा पाय सरळ ब्रेकवर पडला. आम्ही दोघं पुढे आपटता आपटता वाचलो. "कुठे आहोत?" त्यांनी विचारलं.

"तिथेच," मी म्हटलं. "गोदामांपाशी."

"मी झोपलो होतो?"

"थोडा वेळ."

त्यांनी मला गाडी कडेला घ्यायला सांगितली, खाली उतरले, तोंडावर पाणी मारलं. परत आले ते एकदम परक्यासारखं बोलले. "तुम्ही मला उठवायला हवं होतं. तुमच्याऐवजी एखादा काल आलेला असता तर? आज रस्त्यावर कुणाचं तरी मूल असतं तर?" मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते माझ्यावर रागावलेच नव्हते. स्कूलवर परत गेल्यावर त्यांनी मालकांना सरळ सांगितलं, की मी आज गाडीत झोपलो, मला गाडीवर ठेवू नका. मालक भले होते. म्हणाले, "मुलगी घरी येईपर्यंत येऊ नकोस. जागा कुठे जात नाही."

त्यानंतर मी अधूनमधून हॉस्पिटलमध्ये जाऊ लागले. काही घेऊन नाही, नुसती बाहेरच्या लोखंडी बाकावर बसायला. तिथे मास्तरांच्या बायकोची ओळख झाली. मांडीवर पडद्यांची कापडं घेऊन ती हाताने कडा दुमडत बसलेली असायची. दुकानाने सांगितलं नव्हतं, तिनेच मागून आणलं होतं. "हात रिकामे राहिले की डोकं भरतं," ती म्हणाली.

त्या दोघांचं एकच मोठं भांडण झालं, तेही जिन्यातच. निमित्त पाण्याची बाटली. मास्तरांनी ती भरून आणायची होती, विसरले. बायको म्हणाली, "तुमच्या लक्षात काय राहतं? त्या सकाळी तिला पुरे आता म्हणून ओरडलात, ते तरी आहे का लक्षात? पोरगी शेवटची उभी राहायला बघत होती आणि तिने ऐकलं काय, तर पुरे आता."

मास्तर म्हणाले, "आणि आदल्या संध्याकाळी तिने तुला सांगितलं होतं पाय दुखतात म्हणून. तू काय केलंस? पांघरूण घातलंस."

जिन्यातून वर-खाली जाणारे लोक त्यांच्यामधून वाट काढत होते. मग बायको पायरीवर बसली आणि म्हणाली, "मला आता भांडायचंही त्राण नाही. राहिलेलं नंतर भांडू."

"ते राहिलंच," मास्तर मला पुढे म्हणाले. "अजून राहिलंय."

आजाराचं वर चढणं कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. एके दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "काल होती तशीच आहे. परवाही तशीच होती. ही चांगली बातमी आहे." आई-बापांना त्यात चांगलं काय ते दिसेना. गुंडी तशीच पडलेली, यंत्र तसंच चाललेलं. नुसतं तसंच असण्यात दिवसामागून दिवस गेले. मास्तर बालवाडीचा रस्ता सांगून सांगून इतके कंटाळले, की मधल्या दुकानांच्या पाट्या वाचून दाखवू लागले.

पहिलं काही हललं ते आत्याच्या वेळेला. आत्याचा आत जायचा पहिलाच दिवस. तिने गुंडीला बघितलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरू केलं, "काय ग बाई, किती दिवस लोळायचं ते? उठ, नाहीतर तुझी ती तीनचाकी सायकल शेजारच्या पोराला देऊन टाकते." आणि गुंडीच्या कपाळाला आठी पडली. बारीकशी, एकच.

आत्या धावत बाहेर आली. "चिडली," ती म्हणाली, "चिडली ती माझ्यावर," आणि तिथेच बाकावर बसून तोंडाला पदर लावून रडली. त्यानंतर आई, बाप, मावशी, डॉक्टरबाई, जो तो आत जाऊन गुंडीला चिडवून आला. तीनचाकी त्या दिवशी निदान पाच जणांना देऊन झाली.

मग हळूहळू मान, खांदे, हाताची बोटं. यंत्र थोडा वेळ बंद ठेवून बघत, परत लावत. नळी काढली तेव्हा घसा फाटक्या कागदासारखा झाला होता. आई कान लावून बसली होती, की पोरगी पहिला शब्द काय बोलते. गुंडी म्हणाली, "शू."

इथे गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं. खरा दमवणारा भाग तर पुढे होता.

गुंडी घरी आली ती मास्तरांच्या कडेवर. हात चालत होते, पाय नव्हते. सकाळ-संध्याकाळ व्यायाम द्यायचे. पाऊल वर दाबायचं, गुडघा वाकवायचा, सोडायचा. पायांना प्लास्टिकच्या पट्ट्या बांधायच्या, त्या काचल्या की काढायच्या, लाल झालेलं बघायचं, परत बांधायच्या. व्यायाम शिकवायला येणारा तरुण हसतमुख होता. "चला, आज आपण बेडूक होऊ," म्हणायचा. गुंडी म्हणायची, "तू हो." तो गेल्यावर व्यायाम मास्तरांनीच द्यायचा असे, आणि शिव्याही त्यांनीच खायच्या. "बाबा घाण आहे. मला बाबा नको. मला मावशी पाहिजे हॉस्पिटलची."

एकदा मात्र मास्तरांचा तोल गेला. पोरगी लाथ मारायला बघत होती, पाय उचलला जात नव्हता, म्हणून तिने त्यांच्या हाताला दात लावले. मास्तर ओरडले, "मार ना लाथ, मारून दाखव. तेवढंच तर सांगतोय." शेजारचं दार उघडलं, बंद झालं. गुंडी भेदरली. मास्तर दुसऱ्या खोलीत गेले, पलंगाच्या कडेला बसले, आणि थोड्या वेळाने परत येऊन पाऊल हातात घेतलं. व्यायाम पुरा केला. माफी मागण्याइतकीही ताकद त्या दिवशी त्यांच्यात नव्हती, असं ते म्हणाले.

लोक जिन्यात भेटले की विचारत, "आता बरी आहे ना?" या प्रश्नाचा दोघांनाही वीट आला. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर पुढे सगळं सांगत बसावं लागे. बायकोने त्यावर एक उत्तर शोधून काढलं. "चाललंय," ती म्हणायची. मास्तर म्हणायचे, "पोरगीच काय ती चालत नाही."

मास्तर कामावर परतले आणि मी परीक्षा दिली, पास झाले. तोवर गुंडी भिंत धरून उभी राहायला लागली होती. मग खुर्ची ढकलत चालली, मग नुसती. पाऊल टाकताना पुढचा भाग फटकन आपटायचा, त्यामुळे घरात ती कुठे आहे ते आपोआप कळे. बालवाडीत ती पुन्हा खालच्या वर्गात बसली, तिच्याहून लहान मुलांत, आणि तिथे दादागिरी करू लागली. मास्तरांना मात्र एक खोड लागली ती लागलीच. सकाळी गुंडी उठायच्या आधी ते तिच्या तळव्याला बोट लावून बघत. पाय आक्रसला की मगच दाढीला जात. एकदा मी त्यांना विचारलं, "भीती अजून वाटते?" ते म्हणाले, "भीतीही दमते हो. पण निवृत्त होत नाही."

शेवटच्या तपासणीला गेले तेव्हाचं त्यांच्या बायकोने मला सांगितलं. डॉक्टरबाईंनी गुंडीला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला, थोडाच, पण उडाला. बाई म्हणाल्या, "आता पट्ट्या नकोत. आणि आता यायचीही गरज नाही. काही वाटलं तर फोन करा, नाहीतर मला विसरून जा."

तिघं बाहेर आले. दोघांनीही दिवसभराची रजा टाकली होती आणि काम तर लगेचच संपलं होतं. फाटकापाशी उभं राहून बायको म्हणाली, "आता काय करायचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे आज. आत्ता."

मास्तरांचं लक्ष गुंडीच्या पायांकडे गेलं. पट्ट्या मावाव्यात म्हणून घेतलेले मोठे बूट, आणि आत आता नुसते पाय. चालताना ते होडीसारखे डुलत होते. म्हणून ते चपलांच्या दुकानात शिरले.

दुकानदार उत्साही होता. त्याने खोक्यांवर खोकी उघडली. गुंडीने आधी लाल घातले, मग निळे, मग एका पायात लाल आणि दुसऱ्यात निळा घालून आरशासमोर गेली, तिथून दारापर्यंत गेली, परत आली. असेच दोन वेगळे द्या, म्हणून हटून बसली. दुकानदाराने तिला समजावलं, मग तिने दुकानदाराला समजावलं. मास्तर आणि त्यांची बायको समोरच्या गादीच्या बाकावर बसून बघत होते. कुणी मध्ये पडलं नाही. शेवटी लाल ठरले, बांधून झाले, दुकानदाराने पिशवी पुढे केली. दोघं उठेनात.

"अजून काही दाखवू का साहेब?" त्याने विचारलं.

"नको," मास्तर म्हणाले. "चालत असेल तर जरा बसतो."